न उघडलेलं पुडकं

काचसामानाच्या दुकानात, जिन्याखालच्या तिरक्या कोपऱ्यात बाईंचं टेबल होतं. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून बावीस वर्षं त्या बसूनच काम करत आल्या. सगळे त्यांना घडीबाई म्हणत. गिऱ्हाईक वरून वस्तू घेऊन उतरायचं, त्यांच्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, “भेट द्यायचीय, जरा छान बांधा.”

नवरा पाय मोडून घरी बसला होता तेव्हा चार महिन्यांपुरत्या म्हणून त्या इथे लागल्या. तो बरा झाला, कामावर गेला. बाई मात्र टेबलाला चिकटल्या त्या चिकटल्याच. चिकटपट्टीशी मात्र त्यांचं हाडवैर. पट्टी लावली की कागद फाटल्याशिवाय सुटत नाही. त्या नुसत्या घड्यांवर कागद अडकवायच्या आणि वरून सुतळी, नाहीतर शिंप्याकडच्या चिंध्यांची वेणी बांधायच्या. छत्री आली तर दोन्ही टोकांना पीळ देऊन तिचं भलंमोठं चॉकलेट करायच्या. बाटली आली तर जुन्या शर्टाच्या बाहीत घालून कफाचं बटण लावून टाकायच्या. रद्दीतला नकाशा मिळाला तर त्या दिवशी जेवण विसरायच्या.

“बाई, तुमच्या कागदापुढे माझा माल फिका पडतो,” मालक म्हणायचे.

“मग माल चांगला आणा.”

बाईंचा एक नियम होता. दिलेल्या भेटीबद्दल कधी विचारायचं नाही. आवडली का असं विचारलं की समोरच्याला खोटं बोलावं लागतं.

या नियमानेच त्यांचा घात केला. लेकीला थंड हवेच्या गावी नोकरी लागली, तेव्हा बाईंनी जेवणाच्या सुट्टीत दोन महिने बसून, तिला पत्ता न लागू देता स्वेटर विणला. नकाशाच्या कागदात पंख्यासारख्या चुण्या घालून बांधला आणि निघताना तिच्या हातात ठेवला. लेक गेली. दर रविवारी फोन यायचा. साहेब खडूस आहे, घरमालकीण बरी आहे, थंडी फार आहे. स्वेटरचं नावसुद्धा नाही.

बाईंचं डोकं पोखरायला लागलं. गळा जुनाट वाटला असेल. रंग भडक झाला असेल. कुणाला देऊन तर नसेल टाकला?

“अगं, सरळ विचार की,” नवरा म्हणाला.

“विचारायचं नसतं.”

“मग बस झुरत.”

सात महिने त्या झुरल्या. मग एका रविवारी फोनवर लेक खोकली. नुसती नाही, चांगली तीनदा खोकली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी बस पकडली.

लेकीने दार उघडलं ते दोन शर्टांवर चादर गुंडाळून. एक खोली, एक खाट, शेगडी, खिडकीच्या फटीत कोंबलेला बोळा. फळीवर पुस्तकांवर धूळ होती, आणि शेजारी नकाशाचं पुडकं. त्याच्यावर मात्र धुळीचा कण नव्हता. सुतळीची गाठ बाईंनी मारली होती तशीच.

“हे उघडलं नाहीस?”

“उघडवेना.”

“सुतळी ओढली की सुटतं. माझ्याच घरात वाढलीस ना तू?”

“सुटतं गं. पण परत तशा घड्या घालता येत नाहीत मला. मग इथे नुसता चुरगळलेला कागद उरला असता. तुझ्या हातचं एवढंच होतं इथे.”

हसावं की रागवावं, बाईंना कळेना. “आत स्वेटर आहे, शहाणे.”

लेक पुडक्याकडे पाहत राहिली, आणि मग खोकता खोकता हसायला लागली. “मला वाटलं, उशी.”

“दोन महिने खपून उशी करणार होते मी?”

लेकीने सुतळी ओढली. स्वेटर बोटभर मोठाच झाला होता आणि रंग खरोखरच भडक होता. “टॅक्सीसारखी दिसतेय मी,” लेक म्हणाली. पण झोपतानाही तिने तो काढला नाही. झोपण्याआधी बाईंनी तिला खाटेवर समोर बसवलं आणि कागद पसरला. आधी कडा मोड, मग पोटाकडून दाब, अंगठा सोडू नकोस. लेकीने नऊदा कागद अडकवला, नऊदा सुटला. “तू तिकडे बघ ना, तू बघितलंस की हात वाकडे चालतात.” दहाव्यांदा जमलं. म्हणजे, सुटलं नाही.

सकाळी लेकीने आणखी एक पुडकं केलं. “बाबांना दे.” बसमध्ये ते बाईंच्या मांडीवर होतं. एक कोपरा बाहेर आला होता, पोट फुगलं होतं. सगळा रस्ता त्यांची बोटं शिवशिवत होती; त्यांनी हात पदरात गुंडाळून ठेवले.

नवऱ्याने पुडकं उलटसुलट केलं. “हे काही तुझं काम दिसत नाही.”

“लेकीनं बांधलंय.”

“खरंच?” त्याने ते दोन्ही हातांनी नीट धरलं आणि शोकेसची काच सरकवली.

“अहो, ठेवताय कुठे? उघडा आधी. आत केक आहे.”