मामीचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तुम्हाला कधी कुणी राख दिली आहे? नसेल, तर तुम्ही माझ्या मामीच्या घरी गेलेला नाहीत. अख्ख्या गोंदियात तिच्याइतकी स्वच्छ बाई नाही, आणि तिच्याइतकं काळं अंगणही कुणाचं नाही. घरामागे राईस मिल आहे. उष्णा, म्हणजे उकडा तांदूळ करायला तिथे बॉयलरमध्ये धानाचा कोंडा जळतो आणि त्याची राख धुराड्यातून थेट मामीच्या संसारात उतरते. म्हणून मामीचं सगळं जगणं झाकणाखाली चालतं. चहाच्या कपावर बशी, बशीवर रुमाल. पाहुण्याने घोट घेतला की कप झाकायचा. तो विसरला तर मामी झाकते, मग त्याची मिशी आत राहिली तरी बेहत्तर. तुळशीला ती पाणी घालत नाही, आंघोळ घालते, पान न् पान पुसून. लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळतात त्या मच्छरदाणीत. मी हसले तर म्हणाली, "डास नाई चावत व वड्यायले, मिल चावते!"

हा सगळा खटाटोप मामांसाठी. बिड्यांच्या गावात राहून या माणसाने जन्मात बिडी ओढली नाही; तरी चार पायऱ्या चढल्या की त्यांची छाती शिट्टी वाजवते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "बिडी कितनी पीते हो?" मिलविरुद्धच्या तक्रारीची पाहणी करायला आलेल्या प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "चूल पेटवता का?" मामी कडाडली, "काऊन जी, गॅस नाई दिसून रायला का? जरा वर पाहा ना! मान दुखते का तुमची?" दुखत असावी. साहेब यायचे त्या दिवशी मिलचं राख अडवणारं यंत्र चालायचं, आभाळ निळं व्हायचं. साहेब गेले की वीज वाचवायला यंत्र बंद! माणसाच्या फुप्फुसापेक्षा विजेचं बिल ज्यांना महाग वाटतं, त्यांच्यावर मी पत्रकांमागून पत्रकं लिहिली. मामीच्या ओट्यावर ठेवलेला गठ्ठा संध्याकाळपर्यंत काळा व्हायचा.

मग संक्रांत आली. मामीने अंगणातली राख झाडली, चाळली, पुड्या बांधल्या आणि वाण म्हणून लुटली. घोटाळा झाला तो तिथेच. बायांना वाटलं, कुण्या बाबाचा अंगारा! कुणी कपाळाला लावला, एकीने तर चिमूटभर कडेवरच्या लेकराच्या तोंडाशी नेला. मामीने झडप घालून तिचा हात धरला, "अव, काय करून रायली!" मिलमालकाची बायकोही आली होती. तिने पुडी डोळ्यांना लावली, त्यातलं बोटभर कपाळाला लावलं आणि भक्तिभावाने विचारलं, "किस बाबा का है, चाची?"

"तुम्हारे घरवाले का," मामी म्हणाली. "रोज देते हैं, मुफ्त में."

तिळगुळाचं ताट धरून मी उभीच राहिले. मालकीणबाईंनी नळावर जाऊन कपाळ धुतलं आणि त्या निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून यंत्र चालू झालं! मामा गच्चीवर खुर्ची टाकून बसू लागले. मामीने एकदा उघड्या कपातून चहा प्यायला आणि आपणच दचकली. पुढे मिलमध्ये धानाची आवक वाढली, विजेचं बिल फुगलं आणि यंत्र पुन्हा मुकं झालं.

आता मामा नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या एका गावात, लेकीच्या घरी राहतात. तिथे त्यांची छाती वाजत नाही. मामी गेली नाही. "मी गेली त मिलवाल्यायच्या धुराड्याकडे पाहीन कोन?" संध्याकाळी मामांचा फोन येतो, "आज राख पडली का व?"

"नाई जी. साफ आहे. बलावतोच तुमाले आता," मामी सांगते, आणि पदराने फोनवरची राख पुसते.

तुमच्याही गावात एखादं धुराडं असेल. आज खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवा. बोटाला लागेल ते झटकू नका, पुडीत बांधा, आणि येत्या संक्रांतीला त्या धुराड्याच्या मालकाच्या घरी वाण म्हणून देऊन या. देताना एवढं सांगा, हा अंगारा नाही. आणि कुणाच्या तरी मामांना घरी परत यायचं आहे.