कळकाचा बार

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. नारळी-पोफळीची वाडी आहे, विहिरीला गोडं पाणी आहे आणि घरात बंदूक आहे. माझे वडील पाण्यावर खूश झाले, आई बंदुकीवर. कारण घर गावापासून तुटक, अगदी समुद्राच्या कडेला, आणि जावई बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा तोंड दाखवणारा. "बंदूक आहे ना, मग मला घोर नाही," असं म्हणून आईने मला सासरी धाडलं. मी उंबरठ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा ती बंदूक खाडीच्या तळाला जाऊन बसली होती, हे तिला कधीच कळलं नाही.

मला ते सासऱ्यांनी सांगितलं. ते काशीदकडे पाहुण्यांच्या रानात डुक्कर मारायला गेले होते. परतताना रेवदंड्याच्या खाडीत तरीची होडी हेलकावली, त्यांचा तोल गेला, आणि स्वतःला सावरण्याच्या नादात खांद्यावरची ठासणीची बंदूक पाण्यात गेली. पंचक्रोशीत नाव असलेला शिकारी तरीत बसून बंदूक बुडवतो, हे सांगायचं कुठल्या तोंडाने? तरीवाल्याला त्यांनी गळ्याची शपथ घातली. तो म्हातारा होता, शपथ पाळून लवकरच गेलाही.

पण आमच्या वाडीची एक रीत होती. दिवेलागणीला वटवाघळं पोफळीवर उतरायला लागली की हवेत एक बार काढायचा. आज बार ऐकू आला नाही तर उद्या गाव विचारणार, म्हणून सासऱ्यांनी युक्ती काढली. कुंपणाला कळकाचं, म्हणजे जाड बांबूचं, बेट होतं. ओल्या कळकाचं, दोन्ही बाजूंना गाठ असलेलं एक पेर तोडायचं आणि न्हाणीच्या चुलीत खुपसायचं. आतलं पाणी तापतं, वाफेला वाट मिळत नाही, आणि पेर फुटतं ते असं की कोंबड्या फडफडत माडावर चढतात. वाघळंही पळायची आणि गावाचंही समाधान व्हायचं.

न्हाणीची चूल माझ्या ताब्यात होती, म्हणून हे गुपित माझ्या वाट्याला आलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी," सासरे म्हणायचे. "तुझ्या नवऱ्यालाही सांगू नकोस. त्याला कळलं तर तो बोटीवर पाय ठेवणार नाही, आणि मग खाऊ काय?" मी नाही सांगितलं. सासरे गेल्यावरही मी दिवेलागणीला पेर चुलीत टाकत राहिले. एकही दिवस चुकवला नाही, वारा गावाकडे असेल त्या दिवशी तर नाहीच.

मला वाघळांची फिकीर नव्हती. चार सुपाऱ्या खाल्ल्या तर खाल्ल्या. मला भीती होती ती मचव्यातून येणाऱ्या चोरांची. त्या वर्षांत ते भरतीबरोबर किनाऱ्याला लागायचे, एकटं घर हेरायचे आणि ओहोटी लागायच्या आत निघून जायचे. दक्षिणेकडच्या एका वाडीत त्यांनी म्हाताऱ्या नवरा-बायकोला ओटीच्या खांबाला बांधलं. म्हातारा जगला, म्हातारी नाही. आमच्या बाजूला मात्र ते कधी फिरकले नाहीत. का फिरकले नाहीत ते मला ठाऊक होतं. पदरात दोन लहान मुली आणि उशाशी एक कोयता, एवढाच माझा खरा बंदोबस्त होता. बाकी सगळा नुसता आवाज.

मिठाची चळवळ होऊन गेली होती, सरकार घाबरलेलं होतं, आणि घाबरलेलं सरकार घाबरलेल्या कुत्र्यापेक्षा वाईट. एके दिवशी गावात दवंडी पिटली. ज्याच्या घरी बंदूक असेल त्याने ती बाजाराच्या दिवशी चावडीवर आणून नोंदवावी. आजवर परवाना नव्हता, ते माफ. यापुढे नवी बंदूक कुणालाच मिळणार नाही, आणि नंतर कुणाकडे न नोंदवलेली सापडली तर घराची झडती, बंदूक जप्त आणि मालक तुरुंगात.

गावात ज्यांच्याकडे बंदुका होत्या ते डोकं धरून बसले. नोंदवावी तर सरकारला घर कळलं, उद्या काही गडबड झाली की पहिला शिपाई आपल्याच दारात. न नोंदवावी तर शेजारी कधी जीभ उचलेल याचा नेम नाही. ओटीओटीवर हीच कुजबुज चालली होती. पण त्यांची अडचण बंदूक असण्याची होती. माझी नसण्याची. माझ्याकडे बंदूक नव्हती आणि ती आहे हे साऱ्या गावाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मी काय म्हणणार होते? आहे म्हणावं तर दाखव म्हणतील. नाही म्हणावं तर लपवली म्हणतील. आणि समजा माझ्यावर विश्वास ठेवलाच, तर त्याहून वाईट, कारण बाजाराच्या दिवशी चावडीवर अर्धा किनारा जमतो. माझं "नाही" संध्याकाळच्या आत मचव्यात पोचलं असतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर मी दोन मुलींना घेऊन.

शेवटी मी पाटलांकडे गेले. ते सासऱ्यांचे दोस्त, मला सुनेसारखं वागवायचे. म्हटलं, "मामा, मला जे सांगायचं ते फौजदारांच्या कानात सांगता येईल का? चारचौघांत नको."

पाटील कावरेबावरे झाले. "सूनबाय, कानातलं चालत न्हाय. चावडीवर मोठ्यानं सांगायचं, गावानं ऐकायचं, अशी आपली रीत हाय. कानात बोललीस तर लोक म्हणतील, पाटलानं पैसं खाल्लं. आनि तुला भ्यायाचं कारन काय? घेऊन ये बंदूक, लावून दे नाव."

रीत चांगलीच होती. चावडीवर सगळ्यांदेखत बोललेलं कुणाला फिरवता येत नाही, गरिबाला तेवढाच आधार. पण माणसाला झाकून ठेवण्यासारखं काही असू शकतं, आणि ते पाप नसूही शकतं, हे त्या रीतीला ठाऊक नव्हतं. मी घरी आले आणि चुलीसमोर बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाजाराच्या दिवशी धाकटीला कडेवर घेऊन, थोरलीचं बोट धरून मी चावडीवर गेले. फौजदार देशावरचे होते, खारट हवेने त्रासलेले, सारखे मान पुसत होते. एकेक जण पुढे येऊन आपली बंदूक दाखवत होता. पाटलांनी आमच्या घराचं नाव पुकारलं. सगळे माझ्या रिकाम्या हातांकडे बघायला लागले.

"बंदूक आहे?" फौजदारांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

सगळीकडे हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, "मंग वाघलं काय खाकरून पलवतेस?" फौजदार हसले नाहीत. मी खाडीची हकिकत सांगितली. सासऱ्यांचं नाव मातीत जातंय हे कळत होतं, तरी सांगितली. ते म्हणाले, "दवंडी पिटल्यापासून या जिल्ह्यातल्या सगळ्या बंदुका खाडीत पडायला लागल्यात, बाई."

तेवढ्यात आमची शेजारीण पुढे आली. तिला आम्ही सगळे खाला म्हणत असू. नवरा आफ्रिकेकडे व्यापाराला जाऊन तिकडेच वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि आमच्या कुंपणापलीकडच्या वाडीत ती एकटी राहायची. मला वाटलं, ही माझी बाजू घेणार. तिने घेतलीच, पण तिच्या परीने.

"सायेब, पोर घाबरलीय म्हनून न्हाय म्हनते," खाला म्हणाली. "बंदूक हाय तिच्याकडं. परवाच्याला सांजची मगरिबची नमाज पडत व्हते तवा मी ऐकली. अल्लाची कसम. लावा तिचं नाव, म्हंजे कोन तिची बंदूक काढून घ्यायाचा न्हाय."

खोटं बोलली असती तर मी भांडले असते. तिने अगदी खरं ते सांगितलं होतं, आणि ते माझ्या भल्यासाठी.

फौजदार उठलेच. शिपाई, पाटील, खाला आणि मागोमाग सगळा बाजार आमच्या वाडीत आला. त्यांनी भाताची कणगी उपसली, माळ्यावरची सुपारीची पोती खाली ओतली, गवताच्या गंजीत काठ्या खुपसल्या, विहिरीत गळ टाकला. माझ्या लग्नाची ट्रंक अंगणात उघडली आणि लुगडी एकेक झटकून बघितली. इतक्या वर्षांत माझ्या घरात काय आहे नि काय नाही हे गावाला माहीत नव्हतं. त्या दुपारी सगळ्यांनी सगळं बघितलं. डब्यात पीठ किती हेसुद्धा.

बंदूक सापडली नाही तसे फौजदार जास्तच चिडले. "कुठे पुरलीय ते सांगा. नाहीतर अलिबागला चला." मुली माझ्या लुगड्याला धरून रडायला लागल्या. मला अलिबागला नेलं तर त्या कुणाकडे राहणार होत्या? मग मात्र मला राग आला, आणि रागाने भीतीला जरा बाजूला सारलं. मी कोयता उचलला. शिपाई मागे सरला. मी सरळ कळकाच्या बेटाकडे गेले, एक पेर तोडलं आणि सगळ्यांदेखत न्हाणीच्या चुलीत खुपसून जाळ केला.

"ही माझी बंदूक," मी म्हटलं. "बघा."

सगळे बघत उभे राहिले. काहीच होईना. कळक नुसता सूं सूं करायला लागला, कुणीतरी खुसखुसलं. पेराला चीर असेल तर ते फुसकंच जातं, आणि घाईत मी चीर बघितली नव्हती. इतकी वर्षं जो आवाज मी लपवून काढला, तो आता चारचौघांत निघावा म्हणून मी देवाला हात जोडत होते.

मग बार झाला. राख उडाली, फौजदार डोकं धरून खाली बसले आणि त्यांची टोपी आमच्या कोंबड्यांच्या पाण्यात पडली. गाव पोट धरून हसलं. माझी थोरलीही रडता रडता हसली. फौजदारांनी टोपी पुसली, माझ्याकडे बघितलं, आणि न हसता म्हणाले, "बंदूक नाही. लिहा." ते निघून गेले.

गर्दी पांगली तशी माणसं कुंपणावरून वळून वळून घराकडे बघत होती. आमच्या घराकडे तोवर कुणी असं बघितलं नव्हतं. मी सुटले होते, आणि त्या दिवसापासून आमचं दार उघडं पडलं होतं.

खाला एकटीच अंगणात थांबली. मला वाटलं माफी मागेल. ती भांडायलाच लागली.

"इतकी वरसं खोटी बंदूक वाजवलीस गो? माज्यापाशी बी?"

"तुला सांगून काय करणार होते, खाला?"

"तुज्या बंदुकीवर मी निजत व्हते!" तिचा आवाज फाटला. "नवरा गेला तवा माजा भाव म्हनला, वाडी इक आनि पनवेलला ये. मी म्हनलं, शेजारी बंदूक हाय, मला कसली भीती? तुजा बार ऐकल्याबिगर मी दाराला कडी घातली न्हाय. आता मी काय करू?"

मी इतकी वर्षं माझ्या आणि मुलींच्या भीतीचाच विचार करत होते. कुंपणापलीकडे आणखी एक बाई त्याच कळकावर जीव टाकून होती, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ती रागारागाने निघून गेली. त्या संध्याकाळी आमच्या वाडीत बार झाला नाही. समुद्राचा आवाज इतका जवळ असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दाराला आडणा घातला, मुलींना भिंतीकडे निजवलं आणि कोयता मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला खाला आली. काखेत वळकटी, हातात तिचा कोयता. "सरक," म्हणाली आणि ओटीवर वळकटी टाकली. "बंदूक न्हाय तर न्हाय. मानूस तरी हवं का न्हाय?" मी भाकरी थापायला बसले, तिच्या वाटणीचं दोन मुठी पीठ जास्त मळलं.

पुढे वर्षभरात दुसरा हुकूम निघाला. नोंदवलेल्या बंदुका जमा करा. शिपाई बरोबर त्याच घरांत गेला, एकही दार चुकलं नाही, कारण दारं त्याला आम्हीच सांगितली होती. ज्यांनी मुकाट्याने लपवल्या त्यांच्या राहिल्या. पाटलांचीही गेली. ते मला म्हणाले, "सूनबाय, तूच शानी. काय नेनार तुज्याकडनं?"

पण मला आठवते ती खालाची पहिली संध्याकाळ. भाकऱ्या झाल्या, मुली जेवल्या, वाघळं पोफळीवर फडफडायला लागली. खाला उठली, बाहेर गेली, आणि कळकाचं एक पेर हातात घेऊन आली. चीर आहे का ते तिने उजेडात फिरवून फिरवून बघितलं होतं. माझ्यापुढे धरलं.

"टाक चुलीत."

"आता कुणाला फसवायचं, खाला? साऱ्या किनाऱ्याला ठाऊक झालंय."

"मला," ती म्हणाली. "मला झोप येत न्हाय त्याबिगर."

मी पेर जाळात सारलं. बार होईपर्यंत आम्ही दोघी चुलीसमोर बसून राहिलो, आणि झाल्यावर तिने उठून दाराला कडी घातली.