व्यंकटरावांनी बदललेला पट्टा

सेलूच्या पेठेतल्या देवीची पूजा व्यंकटरावांच्या घराण्यात चालत आलेली. पहाटेचा अभिषेक, दुपारचा नैवेद्य, संध्याकाळची आरती. मधे जो वेळ उरे त्यात हा माणूस लोकांच्या मोडक्या वस्तू घेऊन बसे. देवळाचं कुलूप त्यांनीच खोललं आणि त्यांनीच जोडलं, तिथून सुरुवात झाली. मग भजनी मंडळाच्या पेटीचे सूर, कुणाचं भिंतीवरचं घड्याळ, कुणाच्या कंदिलाची फिरकी. पैसे मागत नसत. वस्तू परत देताना ती दोनदा चालवून दाखवत आणि तोंडाने म्हणत, "बघा, लागली बोलायला."

निजामी गेल्यावर एका जहागीरदाराने आपलं सामान विकून हैदराबाद गाठलं. त्या सामानात एक जुनी मोटार होती. दोनच माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची, शर्यतीत पळवायला केलेली. आमच्या शेजारच्या बन्सीधर शेठजींनी ती हौसेने घेतली. त्यांची जिनिंग होती, कापसाच्या गाड्यांची रांग दारापर्यंत यायची, आणि त्या रांगेतून शेठजी ही लाल मोटार पुंगी वाजवत काढायचे. इंजिन बघायला पूर्णेहून रेल्वेतला मिस्त्री यायचा. पण आतल्या बारीक वस्तूंना कोण हात लावणार? कप्प्याचं झाकण लागत नसे, काट्याच्या तबकडीची काच सैल, दाराची मूठ हातात यायची. शेठजींनी व्यंकटरावांना गळ घातली.

मग रोज दुपारी हे गृहस्थ धोतराचा काचा मारून मोटारीत डोकं खुपसलेले दिसू लागले. बाजाराला जाणारे थांबत. माझे यजमान माणिकराव शाळेतून येताना विचारत, "काय व्यंकटराव, देवीचा नैवेद्य झाला, आता मोटारीचा करायलात का?" आतून उत्तर येई, "देवी गप खाते मास्तर, ही कुरकुर करते."

दार मात्र सगळ्यात अवघड निघालं. त्या गाडीची दारं उलटी उघडत, बिजागऱ्या मागच्या अंगाला. चालत्या गाडीत दार जरा किलकिलं झालं की वारा शिरून ते सताड उघडणार. म्हणून नुसत्या खटक्यावर भिस्त न ठेवता आतून एक चामड्याचा पट्टा बकलात अडकवायचा, अशी मूळची सोय होती. व्यंकटरावांनी झिजलेला खटका पितळ लावून भरून काढला. पट्टा वाळून तडकला होता, तो नवा हवा होता.

एरवी त्यांनी तो भुजंगकडून करून घेतला असता. भुजंग चांभार बाजारच्या तोंडाशी बसायचा, त्याची शिवण सबंध तालुक्यात नावाजलेली. पण घट बसले होते. नवरात्राचे नऊ दिवस व्यंकटरावांच्या पायात वहाण नसे, चामड्याला बोट लागलं तर पूजा मोडली असं मानत. मोटारीच्या गादीवरसुद्धा ते धाबळी अंथरून टेकत. पट्ट्याचं माप घ्यायचं, बकलाशी टाचायचं, म्हणजे दोघांचे हात एकाच चामड्यावर येणार. आणि शेठजींना गाडी दसऱ्याच्या शिलंगणाला हवी होती.

देवीला नेसवलेली जुनी लुगडी पुजाऱ्याकडे येत. व्यंकटरावांनी पेटीतलं एक हिरवं रेशमी लुगडं काढलं, काठ धरून त्याच्या घड्यांवर घड्या घातल्या, दाभणाने टाचल्या आणि तो पट्टा दाराला बसवला. शेठजी भारदस्त माणूस. ते पट्ट्याला धरून मागे रेलले, तरी तो तुटला नाही. "देवीच्या अंगावरचं वस्त्र आहे," व्यंकटराव म्हणाले, "ह्याच्याहून घट्ट काय असणार?" भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. वर्षानुवर्षं पेटीच्या अंधारात पडलेलं रेशीम उन्हात किती दिवस तग धरील, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

दसऱ्याला मोटारीला झेंडूच्या माळा घातल्या. पूजाही व्यंकटरावांनीच सांगितली. माझी सुमंगला तेव्हा नऊ वर्षांची. तिला मोटारीत बसायचं होतं. मी नको म्हणत होते. माणिकराव म्हणाले, "व्यंकटरावांनी केलेलं काम आहे, काय होतंय?" ती बसली, पट्टा अडकवला, आणि हातातली आपट्याची पानं हलवत गेली.

मी जिनिंगच्या वळणापाशी बायकांबरोबर उभी होते. मोटार वळली, आणि दार उघडलं. आवाज झाला की नाही ते मला आठवत नाही. दाराबाहेर हिरवं काहीतरी फडफडत होतं. सुमंगलाने हिरवा परकर नेसला होता. पोर दाराला लोंबकळते आहे असं मला दिसलं, आणि मी त्या हिरव्यामागे धावत सुटले. शेठजींनी पुढे जाऊन गाडी थांबवली. मी पोहोचले, ते टोक हातात धरलं, आणि त्याला जरीचा काठ होता. परकर नव्हता. मागे वळून पाहिलं तर माझी मुलगी वळणावर मुरमात पडलेली, आणि मी तिला ओलांडून पुढे आले होते.

संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही. आम्ही तिला रेल्वेने परभणीला नेलं. शुद्ध आली, कोपर मात्र मोडलं होतं. ते आजही पुरतं सरळ होत नाही.

सेलूत परत आले तर पेठेत दोन तट पडलेले. एक म्हणत होता, चामड्याच्या जागी लुगडं लावलं म्हणून पोर पडली. दुसरा म्हणत होता, देवीचं वस्त्र मोटारीला बांधलं, देवीने शिक्षा केली. देवळाच्या पंचांनी व्यंकटरावांना बोलावलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं: प्रायश्चित्त घ्या, मोटारीच्या वाटेला जाऊ नका, पूजा तुमचीच राहील. व्यंकटरावांनी मान डोलावून ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दाराला पट्टा कोण लावणार?"

दाराचं काय घेऊन बसलात, असं पंचांतलं कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात व्यंकटराव भुजंगच्या दुकानाशी जाऊन बसले. पुढे भुजंगनेच मला सांगितलं. तो घाबरून उठून उभा राहिला होता.

"महाराज, तुमी हात नका लावू. मी लय घट्ट करून देतो. हितं बसलेलं कुणी बघितलं तर तुमचं देऊळ जाईल."

"तू करून दिलास तर बसवताना मी पुन्हा अंग चोरीन. मला टाचायला शिकव."

"कशापायी पण?"

"मी दार बांधतो भुजंगा. कशाने बांधलं ते माझ्या हाताला कळलं पाहिजे."

त्यांनी चामडं भिजवलं, कापलं, आरीने भोकं पाडली. बाजार थबकून बघत होता. दिवस मावळायच्या आत देवळाची किल्ली त्यांच्याकडून काढून चुलतभावाकडे गेली.

मला हे कळलं ते त्यांच्या बायकोकडून, अंबिकाबाईंकडून. त्या माझ्या ओट्यावर आल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. मी त्या दिवसांत व्यंकटरावांच्या नावाने मनात बोटं मोडत होते, त्यांना काहीतरी व्हावं असंही वाटत होतं. अंबिकाबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमची पोरगी वाचली, देवीची कृपा. माझ्या सासऱ्याच्या आजापासूनची पूजा गेली. आता तुमच्या मनासारखं झालं का?" मला हे नको होतं, असं म्हणायलाही तोंड उघडेना.

पूजा त्यांना परत मिळाली नाही. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात गेला, ट्रक वाढले, आणि व्यंकटराव ट्रकच्या गाद्या शिवू लागले. ट्रकवाले त्यांना गुरुजी म्हणतात आणि पाया पडतात. काही घरांत त्यांना अजून ओसरीवरच पाणी मिळतं.

पण चामड्याचा पट्टा लावला त्या दिवशीचं सांगायचं आहे. शेठजी गाडी घेऊन आमच्या दारात आले, शेजारी व्यंकटराव. दाराला काळा जाड पट्टा, टाके थोडे वाकडे. हात गळ्यात बांधलेली सुमंगला माझ्यामागे लपली.

"वहिनी, ओढा," व्यंकटराव म्हणाले.

मी ओढला. दोन्ही पाय रोवून, सगळा राग एकवटून ओढला. खरं सांगायचं तर तो तुटावा असं मला वाटत होतं. तो तुटला नाही. माझ्या तळहाताला वळ उठले.

"आणखी ओढा."

मी नाही म्हटलं. मग ते आत बसले, खटका मुद्दाम सोडवून ठेवला, नुसता पट्टा अडकवला, आणि सगळा भार दारावर टाकून शेठजींना म्हणाले, "त्याच वळणावरून घ्या. तेवढ्याच जोरात."

शेठजी नको म्हणत होते. माणिकराव गाडीपुढे आडवे झाले. व्यंकटरावांनी त्यांना हाताने बाजूला केलं, नुसतं "मास्तर" म्हणाले. मी कोपऱ्यापर्यंत धावत गेले. डोळे मिटावेसे वाटले, मिटले नाहीत. मोटार वळली. दार बोटभर सुटलं, त्या फटीत वारा भरला, पट्टा ताठ झाला. व्यंकटरावांचं डोकं बाहेरच्या बाजूला कललं. मग मोटार सरळ झाली.

परत आल्यावर त्यांनी बकल सोडवलं आणि उतरले. अंगाला घाम सुटला होता, हातांना चामड्याचा काळा रंग.

"तुम्ही आत बसायला नको होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

त्यांनी सुमंगलाच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"मग कुणाला बसवणार होतो, वहिनी?"