आईचा पहारा

आमच्या साखरा गावात श्रावणात सप्ताह बसतो. सातही दिवस देवळात वीणा अखंड चालू असते. ती खाली ठेवायची नाही. पहारा, म्हणजे वीणा धरायची पाळी, संपला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुपारचे पहारे जमीनवाल्या घरांतल्या बायकांचे. बाकीच्यांना कुणी मनाई केली नव्हती, पण दुपारी देवळात उभं राहायचं म्हणजे मजुरी बुडवायची. म्हणून माझी आई इतर बायकांसोबत शेतात तण निंदायला जाई आणि भोंग्यावर ऐकू येणारे अभंग शेतातूनच म्हणत असे.

मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत आईसोबत जायची. एका दुपारी शेताच्या मालकीणबाई सोयाबीन बघायला आल्या आणि बांधावर उभ्या राहून आईचा आवाज ऐकत राहिल्या.

"तू पहाऱ्याला काहून येत न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"मंग तुमचं निंदन कोन करील?" आई हसून म्हणाली.

मालकीणबाईंनी पदर खोचला. "आता माझाच पहारा हाय. तू जा. तुझी पात मी धरते. आजच्या मजुरीचा रोजही तुझाच."

आईला चेष्टाच वाटली. पण त्यांनी तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि तिच्या वाट्याच्या ओळीत निंदायला बसल्या.

आम्ही दोघी देवळात गेलो. दारात सप्ताहाची व्यवस्था बघणारे गावातले एक आजोबा बसले होते. "हा पहारा मालकीणबाईचा हाय," ते म्हणाले.

"त्यांनीच धाडलं. त्या माझ्या जागी निंदून राहिल्या."

आजोबा पोट धरून हसले. "मालकीण निंदून राहिली? मंग घे बाई वीणा."

आईनं हातपाय धुतले, वीणा गळ्यात घेतली. पहिलं कडवं तिनं मान खाली घालून म्हटलं. दुसऱ्याला तिचे पाय नाचू लागले. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

तिकडे मालकीणबाईंनी तणासोबत सोयाबीनही उपटलं. मागं राहिलेली त्यांची पात बायकांनी मिळून काढून दिली. दुसऱ्या दिवशी त्या हातावरचे फोड गावभर कौतुकानं दाखवत होत्या.

पुढच्या वर्षी बाकीच्या जमीनवाल्या घरांनी अशी अदलाबदल नको म्हटलं. आजोबांनी मग संध्याकाळचा पहारा मजुरीला जाणाऱ्या बायकांना दिला. तेव्हापासून सप्ताहात संध्याकाळी आई देवळात असते, म्हणून आमच्या घरी वडील भाकऱ्या थापतात. जाड होतात, पण आई तक्रार करत नाही. तिचं जेवणात लक्षच नसतं.