किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते

आज प्रमिलाला जाऊन एक वर्ष झालं, आणि गाडीचं ऑईल आजही बदललं गेलं नाही.

या दोन गोष्टींचा संबंध ज्यांना कळणार नाही, त्यांनी आमचा संसार पाहिलेला नाही.

प्रमिला म्हणजे माझी बायको. कुरखेड्याच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव, आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांची ती नर्स. अख्खा इलाखा तिला सिस्टर म्हणायचा, मी सोडून.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली. आयुष्यातली पहिली, नवी कोरी. पैसे तिचे, कौतुक माझं.

गाडी दारात आली त्याच दिवशी चर्चा सुरू झाली. ऑईल कधी बदलायचं आणि कुठे?

नागपूरचा साळा म्हणाला, "हजारावरच बदला भाऊजी, नव्या इंजिनात लोखंडाचा चुरा राहते." वडशाचा मिस्त्री म्हणाला, "इथीच आना, मी करून देतो." शेजाऱ्यांकडे सायकल आहे, पण मत त्यांनीही दिलं.

मी पुस्तकाचा माणूस. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक तिला मोठ्याने वाचून दाखवलं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आणि तेसुद्धा ब्रह्मपुरीच्या शोरूममध्येच. दुसरीकडे नट उघडला की वॉरंटी गेली, असं मला शोरूमवाल्याने बजावलं होतं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन् बाळंतपन? ते नाई लिहिलं त्या पुस्तकात?"

मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

शोरूमला जायचं म्हणजे गाडी दिवसभर गेली. तिच्या गावांमध्ये कुणा ना कुणाला नववा महिना लागलेला असायचाच, आणि अ‍ॅम्ब्युलन्स दर वेळी जवळ असेलच असं नाही. त्यामुळे ती आधी पोरींच्या तारखा बघायची, मग शोरूमची.

वर्ष व्हायच्या आतच दहा हजार उलटले. माझा जीव टांगणीला.

शेवटी एकदा निघालो. वडशाला रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून उभे होतो. तिचा फोन वाजला.

"अजी, गाडी वळवा."

"प्रमिला, आता जवळ आलो आहे शोरूमच्या."

"ऑईल थांबते जी. बाळ नाई थांबत."

वळवली. रस्ताभर बडबडत, पण वळवली.

ते बाळ मागच्या सीटवरच झालं. नवं सीटकव्हर फेकून द्यावं लागलं. पुढचे कितीतरी दिवस मी सीटकव्हरबद्दल बोलत होतो आणि ती बाळाबद्दल.

ऑईलच्या बाबतीत मात्र मी बरोबर होतो, हे आजही सांगतो. इंजिन टिकवायचं असेल तर ऑईल वेळेवर बदललंच पाहिजे. प्रेम वेगळं आणि इंजिन वेगळं.

मग तिने तिचा मार्ग काढला. मागच्या वर्षी, आजच्याच तारखेला सकाळी, वडशाच्या मिस्त्रीला सरळ घरी बोलावलं. मला न विचारता. ऑईल मात्र पुस्तकात लिहिलेलंच आणायला लावलं, मला बोलायला जागा राहू नये म्हणून.

अंगणातच काम झालं. निघालेलं काळं ऑईल शेजारी मागून घेऊन गेले, दाराच्या खांबांना लावायला. उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही त्याने.

ती म्हणाली, "पाहा, गाडी कुठी गेली नाई आन् ऑईलबी झालं. आता त हासा."

मी म्हटलं, "वॉरंटीचं काय?"

तीच हसली.

दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं.

त्याच गाडीत तिला घालून ब्रह्मपुरीकडे निघालो. त्याच रस्त्याने. एवढ्या बायकांना तिने ज्या सीटवर झोपवून नेलं, तिथेच ती होती. फाटक उघडं होतं. नवं ऑईल होतं, इंजिनचा आवाजसुद्धा येत नव्हता. गाडीने काहीच कमी केलं नाही.

तरी आम्ही वेळेवर पोचलो नाही.

नंतर गाडी बहुतेक उभीच राहिली. मी एकटा कुठे जाणार? बाजार आणि पेट्रोलपंप. दहा हजार कुठले व्हायला.

या वेळी वर्ष आधी झालं.

तिथीने श्राद्ध मागेच झालं. आज तारखेचा दिवस घरात बसून काढवणार नाही, म्हणून शोरूमला फोन करून आजचाच नंबर लावला.

खरं सांगू? बदलायचं मनात नव्हतं. इंजिनात आहे ते ऑईल तिने घालून घेतलेलं. तिच्या हातचं घरात आता फार काही उरलेलं नाही. लोणचंसुद्धा संपलं.

पण पुस्तक म्हणजे पुस्तक.

सकाळी गाडी काढत होतो, तर दारात सुकरूभाऊ. पलीकडच्या गावचे. सुनेला कळा सुरू झालेल्या, अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली.

"सुकरूभाऊ, मी नर्स नाई."

"मालूम आहे जी. सिस्टर नाई. पन गाडी त आहे ना."

हे सगळं मी कुरखेड्याच्या दवाखान्याबाहेर गाडीत बसून लिहितोय. आत्ताच सुकरूभाऊ येऊन सांगून गेले. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

ते गेले आणि मी रडलो. गाडीच्या काचा वर करून.

मग शोरूममधून फोन. "साहेब, तुमचा नंबर गेला. काय झालं?"

म्हटलं, "बाळंतपण आधी झालं."

त्याला काही कळलं नसणार. तुला कळेल.

प्रमिला, सीटकव्हर या वेळी वाचलं. ऑईल उद्या नक्की बदलतो.

जिथे असशील तिथे सुखात राहा.