बांधावरची काकू

काकूला पायांनी कळायचं. खाडीचं पाणी चढायच्या आधी ती बांधावरून अनवाणी चालायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "हितं पोकल हाय." आम्ही फावड्याने उकरायचो, तर खाली खेकड्याचं बीळ निघायचंच. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं, पण त्यावाचून तिचं काही अडलं नाही.

धरमतरच्या खाडीकाठचं आमचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. म्हणून पुनवेला-अवसेला, मोठ्या उधाणाच्या दिवशी, भरतीच्या आधी कोणीतरी सगळा बांध चालून यायचा, असा रिवाज. घरागणिक बारी ठरलेली. काकू मात्र बारी असो-नसो, जायचीच. ती माझी सख्खी काकू नव्हे. नवरा गलबतावर गेला तो परतला नाही, मूलबाळ नव्हतं, आणि सारा गाव तिला काकूच म्हणायचा.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. मी अलिबागेला शिकून गावच्या शाळेत मास्तर झालो होतो आणि फावल्या वेळात जगाची काळजी वाहत होतो. अणुबाँबविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा करायचं वेड डोक्यात शिरलं होतं. मुंबईच्या एका पुढाऱ्यांना भाषणाला बोलावलं. ते लाँचने येणार, लाँच भरतीच्या पाण्यावरच आमच्या धक्क्याला लागणार. म्हणून सभा पुनवेच्या दुपारी ठेवली. त्या दिवशीची बारी आमच्या घरची, म्हणजे माझीच. पण सतरंज्या, हार, पाहुण्यांचं जेवण या धांदलीत मी बांधाकडे फिरकलोही नाही.

सकाळी काकूला म्हणालो, "काकू, आज तू पुढे बसायचंस."

"आनि बांद?"

"मी बघून आलो."

सरळ खोटं बोललो. तिने विश्वास ठेवला. हे लिहितानाही शरम वाटते.

पाहुणे फर्डं बोलत होते. काकू पहिल्या रांगेत बसली होती. मी हाराचं ताट घेऊन तिच्याजवळून जाऊ लागलो, तसा तिने माझा पाय धरला आणि बोटं चाचपली.

"नखात चिखल न्हाय तुज्या," ती हळूच म्हणाली. "तू गेलाच न्हाईस."

ती उठली आणि पाहुण्यांना म्हणाली, "सायेब, जरा दम धरा. पानी चढतंय." ती चालू लागली, आणि तिच्यामागून अख्खी सभा.

बांधाला हाताएवढं भोक पडलं होतं. पाणी शेतात उड्या घेत होतं आणि भोकाची कड ढासळत होती. काकू सरळ शेताच्या अंगाने भोकाला पाठ लावून बसली. "आना चिखल!" चिखलाचे गोळे आणि पेंढ्याचे बोळे हातोहात येऊ लागले. मी काकूच्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभा राहून चेपत होतो. पाहुणेही धोतर खोचून रांगेत उभे राहिले. भरतीचं पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटांवर आलं. तिथेच अडलं.

"पानी वललं," काकू म्हणाली. ओहोटी लागली होती.

मी मटकन खाली बसलो. शेतं वाचली होती, मी सुटलो होतो! रडू आलं आणि हसूही. मग सगळेच हसू लागले. चिखलाने माखलेले पाहुणे तर थांबेचनात.

मला वाटलं, आता गावासमोर माझी खरडपट्टी निघणार. काकू एवढंच म्हणाली, "जगाचं कर रं बाबा, कोन न्हाय म्हंतो? पन आदी बांद चालून ये." मग हात पुढे करून, "आता आन तुजा तो कागूद." शाईची गरजच नव्हती. तिने चिखलाचा अंगठा उमटवला आणि तिच्यामागून साऱ्या गावाने. पाहुण्यांनी ते कागद जपून नेले.

पुढे काही वर्षांनी त्याच पाहुण्यांनी मला दिल्लीच्या परिषदेच्या कामाला बोलावलं. देशोदेशीची माणसं येणार होती. पण दीड महिन्याचा मुक्काम, आणि मध्येच माझी बारी. मी जायचं टाळत होतो. काकूला कळलं तशी ती घरी आली. "जा तू. तुजी बारी मी चालते."

मी परत आलो तेव्हा काकू नव्हती. ती माझी बारी चालून आली आणि चार दिवसांच्या तापात गेली. बांधावरचा तिचा तो शेवटचा फेरा. धक्क्यावरच हे कळलं आणि मला हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशी अवस होती. बारी काकूच्या घरची, आणि त्या घरात आता कोणी नव्हतं. भरतीच्या आधी चपला काढून मी निघालो.

तेव्हापासून बांधावर माझ्या दोन बाऱ्या आहेत.