ठेवणीतलं डिझेल

चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवून द्यायची, हा आमच्या घराण्याचा जुना रोग. आईचा काचेचा डिनर सेट आम्ही भावंडांनी फक्त कपाटातच पाहिला. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात मी हौसेने डिझेलचा पिकअप ट्रक घेतला आणि त्याचंही तेच केलं. ऑगस्टमध्ये टाकी काठोकाठ भरली, ट्रक दाराशी उभा केला आणि ऑफिसला जुन्या गाडीने जात राहिलो. मोठा बर्फ पडला की काढू, म्हणायचो.

जानेवारीत ती वेळ आली. शेजारच्या काकू, निवृत्त डॉक्टर, एकट्या राहणाऱ्या. नागपुरात त्यांचे थोरले भाऊ शेवटच्या घटका मोजत होते आणि काकूंना सकाळचं विमान गाठायचं होतं. दोन दिवस बर्फ कोसळून आभाळ निवळलं होतं, पारा उणे तीसवर. साध्या गाड्या बर्फात रुतलेल्या.

"काकू, नो टेन्शन," मी छाती फुगवून म्हणालो. "रात्रभर इंजिनला हीटर लावलाय."

ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. दहा मिनिटं ऐटीत धावला, मग आचके देऊ लागला आणि हायवे यायच्या आधीच, मोकळ्या शेताशेजारी बंद पडला.

टोइंगवाल्याने फोनवर एकच विचारलं, डिझेल कधी भरलं होतंस? उन्हाळ्यातलं डिझेल थंडीत खोबरेलासारखं थिजतं. इथल्या पंपांवर हिवाळ्यात वेगळं मिळतं, रोज गाडी चालवणाऱ्याच्या टाकीत ते आपसूक येतं. माझं इंजिन गरम होतं, पण ऑगस्टचं डिझेल थिजून फिल्टरमध्ये अडकलं होतं. टोइंगवाल्याला यायला दीड तास लागणार होता. टॅक्सी एकही मिळेना. मला रडूच यायचं बाकी होतं.

"काकू, चुकलं माझं."

काकूंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. श्वासाने गोठलेली काच त्या नखाने खरवडत होत्या. "अरे, ते बघ."

शेतावर सूर्य नुकताच आला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन सूर्य होते. तिघांना जोडणारं उजेडाचं कडं. हवेत बर्फाचे बारीक कण चमचमत होते, त्यांचाच हा खेळ. वारा नाही, कसला आवाज नाही. माझ्या अंगावर काटा आला. विमान, शरम, सगळं काही वेळ विसरलोच.

विमान चुकलं. दुसऱ्या दिवशी काकू निघाल्या, पोचल्या तेव्हा भाऊ गेले होते. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, मी मात्र स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पण त्या सकाळी, बंद ट्रकमध्ये बसून, काकूंनी हातमोजा काढला आणि नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, आज नाही रे येऊ शकत," एवढंच म्हणून त्यांनी फोन काचेतून त्या तीन सूर्यांकडे धरला. उशीवरचा सुकलेला चेहरा एकटक बघत राहिला. काकूंची उघडी बोटं पांढरी पडत चालली. फोन मी धरावा म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"हलवू नको," पलीकडून क्षीण आवाज आला. "थांब जराशी. बघू दे."